दुधाचेच दात, पडणारच ना?

अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकाने चिठ्ठी लिहून दिली, म्हणून एक आई आमच्याकडे दातांच्या समुपदेशनाला आली होती. कडेवर ३ वर्षांची मुलगी, सोबत सासूबाई. मुलीच्या वरच्या चारही पुढच्या दातांना हिरडीलगत तपकिरी पट्टा होता, मधल्या दोन दातांचे कोपरे तुटलेले. आईने बसता बसताच विचारलं, "ताई, दुधाचेच दात आहेत, पडणारच ना? मग एवढ्याशा पोरीला कशाला त्रास द्यायचा?" सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घराण्यातच दात किडके. कॅल्शियम कमी पडत असेल."

समुपदेशनात या दोन वाक्यांशी रोज गाठ पडते. आधी सासूबाईंच्या शंकेकडे वळलो. मुलीचा खालचा ओठ खाली ओढून दाखवला: खालचे पुढचे दात पांढरेशुभ्र. कॅल्शियम कमी असतं किंवा दोष घराण्याचा असता, तर तो फक्त वरच्या चार दातांना कसा निवडून लागला असता? बाळ बाटली चोखतं तेव्हा जीभ पुढे येऊन खालच्या दातांवर पडून राहते आणि तिथे लाळही भरपूर असते. वरच्या दातांना हे संरक्षण नाही. म्हणून वरचे किडके आणि खालचे धड असं तोंड दिसलं की पहिला प्रश्न एकच असतो, झोपताना तोंडात काय असतं?

आईने खरं ते सांगितलं. रात्री साडेनऊला २ चमचे साखर घातलेल्या दुधाची बाटली, तीच तोंडात ठेवून झोप. पहाटे २ वाजता रडली की पुन्हा बाटली. मुलीचे वडील यंत्रमागावर पाळीला जातात, त्यांची झोप मोडू नये म्हणून. यात त्या आईचा आळस कुठेच नव्हता. हे तिला स्पष्ट शब्दांत सांगणं गरजेचं होतं, कारण अपराधी वाटणारी आई पुढच्या वेळी येतच नाही.

मग आदल्या दिवसाचं खाणं कागदावर लिहून काढलं, वेळेसकट. सकाळी बाटली, चहात बुडवलेली बिस्किटं, अकराला दुकानातलं चॉकलेट, दुपारी झोपताना बाटली, चारला पुन्हा बिस्किट, सहाला आजोबांनी आणलेली गोळी, रात्रीच्या दोन बाटल्या. गोड तोंडात गेल्याच्या वेळा भरल्या ८. साखर किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा खाल्ली हे दातांना जास्त बाधतं. प्रत्येक वेळी दातांवरच्या थरातले जंतू साखरेचं आम्ल करतात, आणि ते निवायला लाळेला साधारण अर्धा तास लागतो. झोपेत लाळ फार कमी सुटते. त्यामुळे रात्रीची एक बाटली दिवसातल्या लाडवापेक्षा कितीतरी जास्त नुकसान करते. लाडू जेवणासोबत खाल्ला तर चालेल, असं म्हटल्यावर आजींचा चेहरा खुलला.

बाटली एका रात्रीत बंद करा, हा सल्ला घरोघरी फसतो. तिसऱ्या रात्री शेजारीपाजारी जागे होतात आणि बाटली परत येते. म्हणून उतरती पद्धत ठरवली. पहिले ३ दिवस २ ऐवजी १ चमचा साखर, पुढचे ३ दिवस अर्धा, मग बिनसाखरेचं. त्यानंतर २०० मिलीच्या बाटलीत दर दोन दिवसांनी ५० मिली दूध कमी, तेवढंच पाणी जास्त, शेवटी नुसतं पाणी. झोपण्याआधीचं दूध कपातून, जेवणानंतर लगेच. मग ब्रश, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. "पोरगी दिवसा जेवतच नाही" ही आईची दुसरी तक्रार होती. रात्रीचं दूध कमी झालं की सकाळी भूक लागेल, हेही तिला सांगून ठेवलं.

ब्रश मुलगी स्वतः करायची, म्हणजे चावायची. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना स्वतः नीट घासता येत नाही, मोठ्यांनीच घासायचं. मुलीचं डोकं आईच्या मांडीवर, वरचा ओठ बोटाने उचलायचा, हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे लहान लहान गोल. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. एखाद्या सकाळी चुकलं तर चुकलं, रात्रीचं चुकवायचं नाही. पेस्ट वाटाण्याएवढी (३ वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी), ट्यूबवर फ्लुओराइड (कीड रोखणारं औषध) १००० पीपीएम (त्याचं प्रमाण) लिहिलेलं बघून. फेस थुंकायचा, पण वर चुळा भरायच्या नाहीत, नाहीतर औषध धुऊन जातं. यवतमाळ, चंद्रपूरसारख्या भागांत बोअरच्या पाण्यातच फ्लुओराइड जास्त सापडतं. तिथल्या पालकांनी पेस्ट ठरवण्याआधी दंतवैद्यांना जरूर विचारावं.

आता आईचा प्रश्न. पुढचे दात सात-आठ वर्षांपर्यंत पडतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. चावणं त्यांच्यावर असतं आणि कायमच्या दातांची जागाही त्याच राखून ठेवतात. मागची दुधाची दाढ लवकर काढावी लागली तर सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ पुढे सरकते आणि नंतरच्या दाताला जागा उरत नाही. ही सहा वर्षांची दाढ कोणताही दात न पडता सगळ्यांच्या मागे गुपचूप येते, म्हणून पालक तिलाही दुधाचीच समजतात आणि ती किडू देतात. याचं फार वाईट वाटतं, कारण त्या वयात खाचा भरून ती वाचवणं अगदी सोपं असतं.

मुलीच्या दातांना दंतवैद्यांनी सिल्व्हर डायअमाइन फ्लुओराइड लावलं. मशीन नाही, सुई नाही. दात कोरडा करून थेंबभर औषध एक मिनिट लावायचं. कीड थांबते, पण तो भाग कायमचा काळा होतो. हे आधी सांगितलं नाही तर घरी गेल्यावर आईला वाटतं, दात आणखी बिघडले. हिरडीलगत नुसता खडूसारखा पांढरा पट्टा असतानाच मूल आलं, तर फ्लुओराइडच्या लेपाने आणि बाटली सोडवून तो दात परत कडकही होऊ शकतो. म्हणून महिन्यातून एकदा ओठ उचलून उजेडात बघायला शिकवलं.

आजी मशेरी लावायच्या, दिवसातून चारदा. "दाढ दुखायची थांबते" हे त्यांचं कारण. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. दुखणं तेवढ्यापुरतं दबतं, खाली कीड आणि हिरडीचा आजार वाढतच राहतो, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. पण आजी थबकल्या त्या दुसऱ्याच गोष्टीने: नात डबीपुढे बोट करते, असं सून हळूच म्हणाली. दुखऱ्या दाढेची तपासणी त्याच दिवशी करून घेतली, कारण दाढ दुखत असताना मशेरी सुटत नाही. तंबाखू सोडण्याच्या मोफत मदतीचा नंबर, १८००-११-२३५६, सुनेच्या फोनमध्ये भरून दिला.

सहा आठवड्यांनी दोघी परत आल्या. साखर कमी करताना मुलीला कळलंही नव्हतं. पाणी निम्म्यावर आलं तेव्हा दोन रात्री रडली. गोडाच्या वेळा ८ वरून ३ वर आल्या होत्या. आजींची मशेरी चारवरून एकदा, सकाळची. ती एक कशी सोडायची, यावर त्या दिवशीचा सगळा वेळ गेला.