4 इंची ग्राइंडरला कटिंग व्हील कोणतं घ्यावं? 1 एमएमची सारखी तुटतात, जाड घेऊ का?

जाड घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की ग्रिल-रेलिंगचं काम नवीन आहे, कधी एमएस (साधं लोखंड) तर कधी एसएस (स्टेनलेस स्टील). सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझंही तेच काम चालतं. स्क्वेअर पाइपला 1 किंवा 1.2 एमएमचंच व्हील बरं, झटकन कापतं आणि पाइप तापत नाही. अडीच-तीन एमएमचं भरीव अँगल-सळईला ठेवा.

व्हील झिजत नाही, तुटतं, म्हणजे बहुधा काप अर्धा झाल्यावर हात वाकडा होतोय. नाहीतर पाइप दोन्हीकडून टेकवलाय, त्यामुळे काप मिटून व्हील आवळतं. कापून पडणारं टोक मोकळं ठेवा. आणि त्याच पातळ व्हीलने वेल्डिंग घासायला जाऊ नका. त्याला 6 एमएमचं ग्राइंडिंग व्हील वेगळं मिळतं.

आता एसएस. सुरुवातीला मी एका बंगल्याच्या रेलिंगला साधं लोखंडाचं व्हील वापरलं. पहिल्या पावसात जोडांपाशी तांबूस ठिपके, आणि मालकाचा फोन. तेव्हापासून एसएसला ‘आयनॉक्स’ लिहिलेलंच व्हील. त्यात लोह, गंधक, क्लोरीन नावापुरतं असतं. पण तेच व्हील आधी एमएसवर चालवलं तर पैसे वाया.

दुकानात भाव विचारायच्या आधी लेबल वाचा. ‘ए’ म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, धातूसाठी. ‘सी’ दगड-काँक्रीटसाठी. पुढचा आकडा दाण्याचा: 60 बारीक, 30 भरड. त्यापुढचं अक्षर बाँडचं, म्हणजे दाणे धरून ठेवणाऱ्या चिकट मसाल्याचं; इंग्रजी वर्णमालेत जितकं पुढे तितकं व्हील कडक. इथे सगळे फसतात: कडक लोखंडाला मऊ व्हील लागतं. यंत्रमागाचा कडक केलेला शाफ्ट कापायला कडक व्हील लावलं की ठिणग्या कमी होतात, वास सुटतो आणि व्हीलची कड काचेसारखी चमकायला लागते. मऊ व्हीलचे बोथट दाणे गळून नवे उघडे पडतात, म्हणून ते कापत राहतं.

आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, तेही बघा. 100 एमएमच्या व्हीलवर साधारण 15,300 असतं, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला 80 मीटर, ताशी 288 किलोमीटर! मशीनचा आकडा त्याच्या आतच हवा. गार्ड काढून 5 इंची व्हील बसवणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्याचं भोक 22 एमएमचं, तुमचं 16 चं. ते मध्यावर बसतच नाही. गार्ड काढायचा नाही, चष्म्याशिवाय बटण दाबायचं नाही. नवीन व्हील बाजूला उभं राहून मिनिटभर रिकामं फिरवा.

मधल्या पत्र्याच्या रिंगवर महिना-वर्ष ठोकलेलं असतं, ती मुदत. ती संपलेलं व्हील फुकट मिळालं तरी नको. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की वर्कशॉपात कूलर येतो आणि व्हीलचा डबा नेमका त्याच्यासमोर. ओल धरली की बाँड कमकुवत होतो. तुमचा डबा कुठे असतो, तेही एकदा बघा.