क्वांग त्री परत घेणारा सेनापती आणि दा नांगचा पाडाव

प्रश्न : दक्षिण व्हिएतनामचे जनरल न्गो क्वांग त्रुओंग यांची लष्करी वर्तुळात मोठी वाखाणणी होते, परंतु १९७५ साली दा नांग हे बंदर-शहर त्यांच्याच अधिपत्याखाली असताना उत्तर व्हिएतनामच्या हाती पडले. याचा मेळ कसा घालावा?
— एक माजी सैनिक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : त्रुओंग यांचा जन्म १९२९ साली मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात झाला. १९६६ मधील सरकारविरोधी बौद्ध आंदोलनाच्या धामधुमीत ह्युए या शहरातील पहिल्या डिव्हिजनची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि त्यांनी ती विस्कटलेली डिव्हिजन नावारूपाला आणली. जानेवारी १९६८ मध्ये तेत या व्हिएतनामी नववर्षाच्या सणाच्या वेळी शत्रूने, म्हणजे कम्युनिस्ट फौजांनी, ह्युएचा बहुतेक किल्ला व्यापला, तेव्हा बरेचसे सैनिक रजेवर होते; तरीही आधीच सावध असलेल्या त्रुओंग यांनी ईशान्य कोपऱ्यातील मांग का हे मुख्यालय प्रसंगी कारकुनांच्याही हाती बंदुका देऊन कुमक येईपर्यंत राखले.

मे १९७२ मध्ये उत्तर सीमेजवळचे क्वांग त्री शहर शत्रूच्या हाती पडल्यावर दक्षिण व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष थिऊ यांनी उत्तरेकडील पहिल्या कोअरची (अनेक डिव्हिजनांच्या सैन्यदलाची) जबाबदारी त्यांच्यावर सोपवली आणि १६ सप्टेंबरला ते शहर परत घेतले गेले. मात्र तेव्हा अमेरिकी बी-५२ बॉम्बफेकी विमाने पाठीशी होती, हे विसरून चालणार नाही.

मार्च १९७५ मध्ये ते बळ उरले नव्हते. त्यातच थिऊ यांनी त्रुओंग यांचा विरोध डावलून त्यांच्याकडील हवाई छत्रीधारी डिव्हिजन सायगॉनकडे हलवली, आणि ह्युए राखायचे की सोडायचे, याविषयीचे आदेश तर काही दिवसांत उलटसुलट झाले. शिवाय सैनिकांची कुटुंबे छावण्यांच्या आसपासच राहत असत. गडहिंग्लजचा जवान सीमेवर लढतो तेव्हा त्याची मुलेबाळे गावी सुरक्षित असतात. तेथे मात्र माघार सुरू होताच अनेकांनी मोर्चा सोडून आधी घर गाठले. निर्वासितांनी रस्ते तुंबले, २५ मार्चला ह्युए आणि २९ मार्चला दा नांग पडले. त्यामुळे त्या पराभवाचे खापर एकट्या त्रुओंग यांच्या माथी फोडणे आम्हांस अन्यायाचे वाटते, जरी सेनापती म्हणून त्यांची जबाबदारी नाकारता येत नाही.

पुढे ते अमेरिकेत व्हर्जिनियात स्थायिक झाले आणि २२ जानेवारी २००७ रोजी निवर्तले. उत्तर व्हिएतनामच्या १९७२ च्या आक्रमणावर त्यांनी अमेरिकी लष्करासाठी अभ्यासग्रंथ लिहिला आहे. आपण लष्करात काम केलेले असल्याने वाचनास तेथूनच आरंभ करावा.