स्वतः उभं राहून घर बांधलं तर खरंच पैसे वाचतात का? इंदूरच्या काळ्या मातीतला आमचा हिशेब

तुम्ही विचारलंय की इंदूरला २० बाय ५०चा प्लॉट घेतला आहे, ठेकेदार सामानासकट चौरस फुटाचा एकच भाव सांगतोय, तर सगळं सामान आपण आणून फक्त मजुरी ठेक्यावर दिली तर पैसे वाचतील का.

वाचतात. आमचे वाचले. पण ते ज्या गोष्टीतून वाचले ती तुमच्या घरात आहे का, हे आधी पाहा. आमच्या घरात निवृत्त झालेले बाबा होते, रोज सकाळी साडेआठला साइटवर जाऊन संध्याकाळी मजूर गेल्यावरच परतणारे. मी नोकरीवर जात होतो, बायकोही. बाबा नसते तर मी हे काम अंगावर घेतलंच नसतं, आणि तुम्हीही घेऊ नका असंच सांगितलं असतं.

आधी आकडे देतो. आमचाही प्लॉट २० बाय ५०चाच, सुदामा नगरच्या पलीकडे. रामबागेतल्या वाड्याची काकांमध्ये वाटणी झाली, त्या पैशांतून घेतलेला. एमओएस, म्हणजे घराभोवती नियमाने मोकळी ठेवायची जागा, सोडून खाली-वर मिळून १,४५० चौरस फूट बांधकाम. २०१८च्या दिवाळीनंतर खणती सुरू केली. तेव्हा सामानासकट भाव मिळाला होता १,३५० रुपये फूट, म्हणजे १९,५७,५००. आमचा प्रत्यक्ष खर्च झाला १७,०५,०००. फरक २,५२,५००. पण नऊ महिन्यांत संपेल असं धरलेलं काम चौदा महिने चाललं आणि जादा पाच महिन्यांचं ९,००० प्रमाणे भाडं गेलं. ते ४५,००० वजा केले की २,०७,५०० उरतात. भाव तेव्हाचे आहेत, आज ते लावू नका. प्रमाण पाहा: साधारण दहा टक्के. त्या दहा टक्क्यांसाठी बाबांचं सव्वा वर्ष गेलं, त्याचा पगार मी कुठेच धरलेला नाही.

आता जमिनीकडे येतो, कारण इंदूरमध्ये घराचं खरं गणित तिथेच ठरतं. माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वैशाखात रिकाम्या प्लॉटवर जाऊन पाहा, हात जाईल एवढ्या भेगा दिसतील. वर्षातून दोनदा अशी हलणारी जमीन घराला हळूहळू फोडते. भिंतीला तिरपी चीर पडते, दरवाजे घासायला लागतात, फरशी मधून उचलली जाते. म्हणून पाया काळ्या मातीवर कधीच ठेवायचा नाही, तिच्या खाली मुरूम किंवा खडक लागेपर्यंत जायचं. आमच्याकडे काळी माती साडेपाच फुटांवर संपली. फूटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा रुंद पाया, सात फुटांवर घट्ट मुरमात बसवलं. शेजारच्या गल्लीत मुरूम लागला बारा फुटांवर. एवढं खणणं परवडत नाही तेव्हा अंडर-रीम्ड पाइल घालतात. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने हे तंत्र अशाच मातीसाठी विकसित केलं. साधारण साडेतीन मीटर खोल गोल खड्डा, तळाशी खांबाच्या अडीच पट रुंद फुगा. माती वर उचलायला लागली तरी तो फुगा खांबाला धरून ठेवतो. यातलं काय करायचं ते स्ट्रक्चर इंजिनिअर खड्डा पाहून सांगतो. त्याच्या फीमध्ये बचत करू नका. आम्ही त्याला सहा वेळा साइटवर बोलावलं, प्रत्येक वेळी सळई बांधून झाल्यावर आणि काँक्रीट ओतायच्या आधी.

इथली आमची चूकही सांगतो. खणून निघालेली काळी माती प्लॉटवरच ढिगाने पडलेली असते. मिस्त्री म्हणाला, "बाबूजी, निकली हुई मिट्टी ही भर देते हैं, भराई का पैसा बचेगा." बाबांनी नाही म्हटलं, प्लिंथमध्ये सगळीकडे मुरूम आणून भरला, थर ओला करून ठोकून घेतला. पण मागच्या धुण्याच्या ओट्याचं काम निघालं तेव्हा बाबा दोन दिवस देवासला लग्नाला गेले होते. परत आले तेव्हा ओट्यावर काँक्रीट झालेलं होतं. पुढच्या पावसाळ्यात ओटा मधून वर आला आणि सगळ्या टाइल्स तडकल्या. उकरला तर आत काळी माती. दुरुस्तीला २२,००० लागले. हे वरच्या हिशेबात नाहीत. धरले तर बचत १,८५,५०० होते.

आता बाबांच्या डायरीबद्दल, कारण पैसे तिच्यात वाचले. बाबा काही बांधकामवाले नव्हते, आयुष्यभर गणित शिकवलं होतं. त्यांनी एक गोष्ट धरली: साइटवर येणारी प्रत्येक वस्तू मोजायची, वापरली गेलेलीही मोजायची आणि डायरीत लिहायची.

सळई वजनावर घेतात, आणि वजन काढायला काटा नसला तरी चालतो. व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग करा, १६२ने भागा, मीटरला किती किलो ते मिळतं. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८८८ किलो, म्हणजे १२ मीटरचा एक नग १०.६६ किलो. ८ मिलिमीटरची ०.३९५, नग ४.७४ किलो. नग मोजा, गुणा, पावतीवरच्या वजनाशी ताडून पाहा. मानकाप्रमाणे १० मिलिमीटरपर्यंत ७ टक्के आणि त्यापुढे १६पर्यंत ५ टक्के इकडेतिकडे चालतं. आमच्या एका खेपेत फरक त्याहून जास्त निघाला. बाबांनी गाडी तशीच धर्मकाट्यावर, म्हणजे गाडीसकट वजन करणाऱ्या काट्यावर, नेली आणि दुकानदाराने जागच्या जागी पैसे कमी केले. भांडण झालं नाही, फक्त डायरी पुढे केली.

रेतीचं वेगळं आहे. ओली रेती फुगते, त्यामुळे ट्रॉलीत जी शंभर घनफूट दिसते ती वाळल्यावर ऐंशीसुद्धा भरू शकते. आम्ही ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची आतून टेपने मोजायचो आणि फार ओली रेती परत पाठवायचो. मातकट रेती ओळखायला काचेच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत रेती, वर चिमूटभर मीठ घातलेलं पाणी, हलवून तीन-चार तास ठेवायची. वर बसलेला मातीचा थर रेतीच्या आठ टक्क्यांहून जास्त दिसला तर ती स्लॅबला नको. पावसाळ्यात नदीतून रेती काढायला बंदी असते आणि भाव चढतात. आम्ही प्लास्टरची रेती जूनच्या आधी भरून ठेवली नाही, तिथे नाहक पैसे गेले. तुम्ही मे महिन्यातच घेऊन टाका.

पण डायरीने सगळ्यात मोठं काम केलं स्लॅबच्या दिवशी. आमचा एक स्लॅब ७२५ चौरस फुटांचा, ५ इंची. म्हणजे ३०२ घनफूट, साडेआठ घनमीटर. एक भाग सिमेंट, दीड रेती, तीन गिट्टी अशा मिश्रणात घनमीटरला साधारण आठ गोण्या लागतात, म्हणजे बीम सोडून ६८ गोण्या. बीम आदल्या दिवशीच्या मापाने वेगळे काढलेले होते. अर्धा स्लॅब झाला तेव्हा बाबांनी रिकाम्या गोण्या मोजल्या. ३४ हव्या होत्या, २७ निघाल्या. काम थांबवलं. मिक्सरवाल्याने काही चोरलं नव्हतं, तो घाईत रेतीची घमेली शिगोशीग भरत होता. मग बाबांनी लाकडाची पेटी ठेवायला लावली, एका गोणीच्या मापाची, ३५ लिटरची, आणि घमेलं बंद केलं. झालेल्या अर्ध्या भागावर इंजिनिअरला बोलावून टेकू जास्त दिवस ठेवले. सामानासकट ठेका दिला असता तर त्या सात गोण्या कुणी मोजल्या असत्या? आमचा आधीचा विचार होता की स्वतः बांधलं की सामान स्वस्त पडतं. तसं फारसं पडत नाही, ठेकेदाराला आपल्यापेक्षा बरा भाव मिळतो. आपल्याला मिळतं ते हे, की घरात काय गेलं ते आपल्याला माहीत असतं.

पाण्याकडेही लक्ष ठेवा. मजुरांना पातळ काँक्रीट पसरायला सोपं जातं, "थोडा पतला कर दो" हे दिवसभर ऐकू येतं. गोणीला २५ ते ३० लिटर पाणी, रेती ओली असेल तर त्याहून कमी. जास्त घातलेलं पाणी पुढे उडून जातं आणि जागेवर छिद्रं ठेवतं. उलट तराईला, म्हणजे झालेलं काँक्रीट ओलं ठेवायला, पाणी कधीच जास्त होत नाही. पीपीसी सिमेंटला किमान १० दिवस, इंदूरच्या उन्हात १४. स्लॅबवर क्यारी करून पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळा. आमचा दुसरा स्लॅब एप्रिलअखेरीस पडला, बोअर आटलेला, टँकर मागवावे लागले. ते पैसे द्यायला मला तेव्हा जड गेलं होतं. बाबा रात्री नऊला जेवण झाल्यावर स्कूटरवर जाऊन पुन्हा गोणपाट भिजवून यायचे.

दुसरा स्लॅब एप्रिलवर का गेला तेही सांगतो. आमचे बरेच मजूर झाबुआ-आलिराजपूरकडचे होते. होळीच्या आधीच्या आठवड्यात तिकडे भगोरिया भरतो आणि ते सगळे गावी जातात. जायलाच हवं, वर्षाचा सण आहे. आम्ही ते धरलंच नव्हतं. मार्चमध्ये कॉलमच्या सळया उभ्या आणि साइट तीन आठवडे रिकामी. नंतर पावसाळा, मग पुन्हा दिवाळी. तुमचं वेळापत्रक कॅलेंडरवर मांडाल तेव्हा हे सगळे आठवडे आधीच खोडून टाका.

मजुरीचा ठेका लेखी करा. विशेषतः काय मोजलं जाणार ते: छज्जा अर्धा की पूर्ण, जिना एकदा की दोनदा, टाकी, पॅरापेट (गच्चीचा कठडा), ओटा. तोंडी "फुटाचा भाव" ठरतो आणि शेवटी या पाच गोष्टींवरून तोंडं फिरतात. पैसे प्लिंथ, स्लॅब, चिनाई (विटांचं काम), छपाई (प्लास्टर) अशा टप्प्यांनी द्या, आणि काम नेहमी दिलेल्या पैशापेक्षा थोडं पुढे असू द्या. बँकेचं कर्ज घेत असाल तर बँकही टप्प्यांनीच देते, टप्पा बांधून झाल्यावर. म्हणजे प्रत्येक टप्प्याआधी हातात रोख हवी, ती कुठून येणार ते आधी ठरवा.

आम्ही गमावलेले सगळ्यात वाईट पैसे मात्र बाहेरच्या कुणामुळे गेले नाहीत. स्वयंपाकघराची भिंत उभी राहिल्यावर आम्हाला ती दोन फूट मागे हवीशी वाटली, आणि न्हाणीघराचं दार दुसरीकडे. तोडफोड, परत चिनाई, नळाच्या लाइनी बदलणं, मिळून ३८,०००. वरच्या १७,०५,०००मध्ये ते आहेत. नकाशा मंजुरीला देण्याआधी रिकाम्या प्लॉटवर चुन्याने खोल्या आखून बघितल्या असत्या, आईला त्यात उभं करून "ओटा इथे, खिडकी इथे" असं विचारलं असतं, तर ते वाचले असते. तुम्ही हे नक्की करा, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

एक बचत अशी होती की जी मनालाही बरी वाटली. वाड्याच्या वाटणीत आम्हाला सागवानी चौकटी आणि दोन दारं मिळाली होती. सुताराकडून रंधून, पॉलिश करून ती पुढच्या दाराला आणि देवघराला बसवली. नव्या सागाच्या किमतीच्या एक चतुर्थांशात काम झालं. कुणाचा जुना वाडा उतरत असेल तर चौकशी करा, रामबाग आणि राजवाड्याच्या आसपास असं लाकूड अजून निघतं.

तुम्ही दोघेही नोकरी करत असाल आणि घरी दिवसभर उभं राहणारं कुणी नसेल, तर पाया ते स्लॅब हे काम चांगल्या ठेकेदाराला सामानासकट द्या, वेगळा इंजिनिअर तपासायला नेमा, आणि टाइल्स, वायरिंग, नळ, रंग तेवढं स्वतः करा. सियागंज आणि महाराणी रोडवर दोन-तीन रविवार फिरलात तर हे सामान निवडून, भाव करून घेता येतं आणि त्यासाठी रोज साइटवर असावं लागत नाही. बचत कमी होईल, पण झोप लागेल.

सुरुवात मात्र आत्ताच करा. प्लॉटच्या दोन टोकांना माणूस उतरेल एवढे दोन खड्डे खणून घ्या, पाऊस यायच्या आत. काळी माती किती फुटांवर संपली आणि खाली काय लागलं ते इथेच खाली लिहा. पाया फूटिंगवर भागेल की पाइलकडे जावं लागेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येईल, आणि बाबांच्या डायरीतली पायाची पानं मी तुमच्यासाठी काढून ठेवतो.