दहा वर्षांनंतर भाषा येत नाही म्हणे!

प्रश्न: नमस्कार. माझं वय 39. मिस्टरांना म्युनिकला जॉब लागलाय, जूनमध्ये मी आणि मुलगी (वय 11) तिकडे जाणार. दोघी जर्मन शिकतोय, माझं ए-2 चालू आहे. मागच्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर नणंदेने बातमी टाकली, 'दहाव्या वर्षानंतर नवी भाषा नीट शिकणं अशक्य, साडेसहा लाख लोकांवरचं संशोधन'. तेव्हापासून पुस्तक उघडावंसंच वाटत नाही, आणि लेकीचं एक वर्ष हुकलं असं सारखं मनात येतं. एवढ्या लोकांवर केलंय म्हणजे खरंच असणार ना?
– एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर: ताई, आधी पुस्तक उघडा, मग पुढचं वाचा.

ते संशोधन 2018 चं, हार्टशोर्न, टेनेनबाउम आणि पिंकर या तिघांचं, आणि काम चांगलं आहे, उगाच नावं ठेवण्यासारखं नाही. त्यांनी नेटवर इंग्रजी व्याकरणाची एक क्विझ टाकली, शेवटी ती क्विझ ओळखून सांगायची की तुमची मातृभाषा कुठली असेल, तुमचं इंग्रजी कुठल्या देशाच्या वळणाचं आहे, त्यामुळे फेसबुकवर ती अशी काही पसरली की जवळपास 6 लाख 70 हजार लोकांची उत्तरं जमा झाली. त्यावरून त्यांनी काढलं काय, तर व्याकरण शिकण्याची ताकद साधारण 17.4 वर्षांपर्यंत टिकते आणि मग घसरते. सतरा बरं का, दहा नाही! मग दहा कुठून आलं? तर ज्याला अगदी मूळ भाषिकासारखं व्हायचंय त्याला तिथवर पोचायला खूप वर्षं लागतात, आणि ताकद घसरायच्या आत तेवढी वर्षं पदरात पडायची तर दहाबारापर्यंत सुरुवात केलेली बरी, असं ते म्हणणं. म्हणजे मूळ भाषिकाशी बरोबरी करणं ही एक गोष्ट आणि भाषा येणं ही दुसरी, आणि बातमीवाल्याने दोन्ही एकाच पिशवीत कोंबल्या. तुम्हाला म्युनिकच्या डॉक्टरांशी बोलायचंय, शाळेच्या पालकसभेला जायचंय. तिथे कोणी क्विझ घेत नाही.

आता साडेसहा लाखांचं. शितावरून भाताची परीक्षा आपण करतोच, पण शीत त्याच पातेल्यातलं लागतं, शेजारणीच्या बिर्याणीतली साडेसहा लाख शितं चाखली तरी तुमच्या कुकरमधला भात शिजला का ते कळणार नाही. फावल्या वेळात मजा म्हणून इंग्रजी व्याकरणाची क्विझ सोडवणारी माणसं कोण असतात? ज्यांना मुळात इंग्रजीची हौस आहे ती. भाषा शिकून सोडून दिलेले, नेट नसलेले, लिहितावाचता न येणारे त्यात कुठून येणार? शिवाय प्रत्येकाला एकदाच मोजलंय. कोणाला लहानपणापासून मोठेपणापर्यंत पाहिलेलं नाही, वेगवेगळ्या वयाची वेगवेगळी माणसं शेजारी शेजारी ठेवून वयाचा हिशोब मांडलाय. आता पाचव्या वर्षी परदेशात गेलेलं पोर शाळेत दिवसभर तीच भाषा ऐकतं, आणि पस्तिशीत गेलेली बाई घरात मराठी, ऑफिसात इंग्रजी, आणि नवी भाषा फक्त दुकानात. यात मेंदूचं वय किती आणि रोजच्या दिवसाची रचना किती, हे वेगळं काढणं फार अवघड. आणि गंमत म्हणजे हाच डेटा नंतर दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा तपासला, तर जे परदेशी न जाता वर्गात इंग्रजी शिकले त्यांच्या बाबतीत एकदम कडेलोट दिसलाच नाही, हळूहळू उतार दिसला.

असं आधीही झालंय. 1989 मध्ये जॉन्सन आणि न्यूपोर्ट यांनी अमेरिकेत आलेल्या चिनी आणि कोरियन भाषिकांना इंग्रजी वाक्यं ऐकवून चूक की बरोबर विचारलं, तर लहानपणी आलेले भारी आणि उशिरा आलेले मागे. पण माणसं किती? 46, आणि तीही विद्यापीठाच्या आसपासची. या 46 जणांवर कित्येक पुस्तकांत पानंच्या पानं लिहिली गेली. मग 2001 मध्ये बर्डसाँग आणि मॉलिस यांनी तीच चाचणी 61 स्पॅनिश भाषिकांना दिली, वयाचा परिणाम तिथेही दिसला, पण मोठेपणी आलेल्यांतले बरेच जण मूळ भाषिकांच्या जवळ पोचलेले निघाले. चाचणी तीच, फक्त मातृभाषा बदलली आणि चित्र बदललं.

आणि हे सगळं इंग्रजीचं चाललंय हो, तुम्ही जर्मन शिकताय! जर्मनमध्ये तीन लिंगं म्हणून इंग्रजीवाले डोकं धरून बसतात, आपल्याला तो-ती-ते घरचंच आहे. कुठला शब्द कुठल्या लिंगाचा हे पाठ करावंच लागेल, पण तीन असू शकतात याचा धक्का तरी बसत नाही. 'मेडशेन' म्हणजे मुलगी, आणि ती नपुंसकलिंगी, यावर वर्गात सगळे हसतात, पण मालवणीत 'चेडू' नपुंसकच की. हा फायदा किती मोठा ते मी सांगणार नाही, फक्त इंग्रजीचा निष्कर्ष जसाच्या तसा जर्मनवर चिकटवू नका एवढंच.

वय काही करतच नाही असं नाही. उच्चारात तुमची लेक वर्षभरात तुमच्या चुका काढायला लागेल, तयारी ठेवा. तिचं काही हुकलेलं नाही. आणि नणंदबाईंना 17.4 हा आकडा नक्की फॉरवर्ड करा.

प्रश्न: सर, मी सांगली जिल्ह्यात शिक्षक आहे. सातवी अ ला चार आठवडे मोबाइल ॲपवर इंग्रजी शब्द शिकवले, ब ला नेहमीसारखे फळ्यावर. अ चे सरासरी 20 पैकी 3 मार्क जास्त आले. 'ॲपमुळे शब्दसंग्रह वाढतो' असा लेख शिक्षक परिषदेत वाचू का?

उत्तर: अजून नको. पहिला प्रश्न, तुकड्या पाडल्या कशा? मार्कांवरून असतील तर अ पुढे होतीच, ॲप बिचारं फुकट श्रेय खातंय. सुरुवातीची चाचणी घेतली होती का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आणि मुलं तीस तीस असली तरी तुलना शेवटी एका तुकडीची एका तुकडीशीच आहे, अ चा तास सकाळी आणि ब चा जेवणानंतर असेल तरी 3 मार्कांचा फरक पडू शकतो. परीक्षेत ॲपमधलेच शब्द, ॲपसारखेच पर्याय देऊन विचारले असतील तर अ ला सरावच जास्त झाला.

पण टाकून देऊ नका. पुढच्या महिन्यात उलटं करा, नवे शब्द घ्या, ब ला ॲप आणि अ ला फळा, आधी चाचणी, नंतर चाचणी, आणि एक महिन्याने न सांगता पुन्हा एकदा. दोन्ही वेळा ॲपवालेच पुढे आले तर बोलण्यात दम येईल. या विषयात कोणी केलेलं कोणी पुन्हा करून बघत नाही ही जुनी रड आहे, 2018 च्या एका आढाव्यात दर 400 लेखांमागे असा साधारण एकच निघाला होता. तुम्ही दोनदा केलंत तर त्यातच पुढे गेलात. तेव्हाही शीर्षकात 'आमच्या शाळेतल्या सातवीत' हे शब्द ठेवा, आणि ब तुकडीच्या पोरांना ॲप मिळणार हे आत्ताच सांगून टाका, ती रुसली असतील.