धातुशोधक यंत्राची कॉइल : खोली कशावर ठरते?

प्रश्न : आम्ही मेलबर्नला राहतो आणि सुट्टीत बेंडिगो, बॅलरॅटच्या परिसरात सोने शोधायला जातो. माझ्याकडे 11 इंची डबल-डी कॉइलचा (जमिनीवरून फिरवायच्या तारेच्या वेटोळ्याचा) व्हीएलएफ, म्हणजे अतिशय कमी वारंवारतेच्या लहरींवर चालणारा, डिटेक्टर आहे. 18 इंची कॉइल घेतल्यास खोली वाढेल, असे दुकानदार म्हणतो. सोबतची मंडळी मात्र यंत्रच बदलून पल्स इंडक्शन घ्यायला सांगतात. पैसे कशावर खर्च करावेत?
— एक वाचक, मेलबर्न

उत्तर : तुमच्या भागापुरते बोलायचे तर पैसे तंत्रावर, म्हणजे पल्स इंडक्शन यंत्रावर घालावेत, कॉइलच्या आकारावर नव्हे. कॉइलमधून निघणारे बदलते चुंबकीय क्षेत्र धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युतप्रवाह निर्माण करते आणि त्या प्रवाहांचे क्षीण क्षेत्र परत कॉइलपर्यंत पोहोचले की यंत्र वाजते. वस्तू कॉइलच्या आकाराच्या मानाने दूर असेल तर हे क्षेत्र जाताना अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते आणि परतीच्या वाटेवरही तसेच घटते. त्यामुळे खोली दुप्पट झाली की संकेत 64 पटींनी क्षीण होतो. उलट कॉइलमधला प्रवाह दुप्पट केला तरी खोलीत जेमतेम 12 टक्क्यांची भर पडते. म्हणूनच ‘दुप्पट खोली’ असा दावा वाचला की केवढ्या वस्तूसाठी आणि कोणत्या मातीत, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. तुमच्या व्हिक्टोरिया राज्यातल्याच किंगोवरजवळ 1980 मध्ये ‘हँड ऑफ फेथ’ हा 27 किलोंचा गोळा हातात धरायच्या धातुशोधकाने सापडला, तो फूटभर खोलीवर होता. त्याच खोलीवरचा अर्ध्या ग्रॅमचा कण आजच्या उत्तम यंत्रालाही दाद देत नाही.

मोठ्या कॉइलचे क्षेत्र खोलवर टिकते, हे दुकानदाराचे म्हणणे खरे आहे. पण तेच क्षेत्र कॉइलजवळ पसरट आणि विरळ असते, त्यामुळे 8 किंवा 10 इंची कॉइलला सहज लागणारा गव्हाच्या दाण्याएवढा कण 18 इंचीखालून निसटतो. शिवाय मोठी कॉइल एका वेळी जास्त माती ‘पाहते’, आणि तुमच्याकडे खरा अडथळा मातीचाच आहे. तिथल्या लालसर, लोहखनिजयुक्त जमिनीचा स्वतःचा संकेत लहानशा सोन्याच्या संकेतापेक्षा कितीतरी मोठा असतो. व्हीएलएफ यंत्र सतत लहरी पाठवत असतानाच परतीचा संकेत ऐकते, त्यामुळे जमिनीचा हा गलबला त्याला पूर्णपणे वजा करता येत नाही. लोहयुक्त खडे, ज्यांना शोधक ‘हॉट रॉक’ म्हणतात, तेही सोन्यासारखेच वाजतात. अशा ठिकाणी 18 इंची कॉइल लावली की संवेदनशीलता कमी करावी लागते आणि मिळवलेली खोली तिथेच गमावली जाते.

तुमची डबल-डी कॉइल मात्र योग्यच आहे. कॉन्सेंट्रिक कॉइलमध्ये एका कड्याच्या आत दुसरे कडे असते आणि तिचे क्षेत्र खाली निमुळते होत जाते. स्वच्छ मातीत ती वस्तूची जागा अचूक दाखवते, पण खनिजयुक्त जमिनीत लवकर गोंधळते. डबल-डीमध्ये इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी मध्यभागी एकमेकांवर येतात, क्षेत्र पातळ पात्यासारखे उभे उतरते आणि कमी माती पाहिल्यामुळे यंत्र स्थिर राहते.

पल्स इंडक्शनची रीत वेगळी आहे. ते क्षणभर जोरदार स्पंद पाठवते, तो तोडते आणि काही मायक्रोसेकंद थांबून मग ऐकते. तोपर्यंत जमिनीचा बराचसा प्रतिसाद विरलेला असतो, धातूतले प्रवाह मात्र अजून फिरत असतात. ऑस्ट्रेलियाच्या माइनलॅब कंपनीने 1995 मध्ये आणलेल्या एसडी 2000 मध्ये लांब आणि आखूड स्पंद वापरून उरलेला जमिनीचा भागही वजा करण्याची सोय झाली आणि जुन्या, पुन्हा पुन्हा पिंजून काढलेल्या सुवर्णक्षेत्रांत नव्याने सोने निघू लागले. या यंत्रांना मोनो कॉइल, म्हणजे पाठवणे आणि घेणे दोन्ही एकाच वेटोळ्याने करणारी कॉइल, चालते आणि बहुतेक ठिकाणी तीच सर्वांत खोल जाते. उणीव एकच, पण मोठी : लोखंड आणि सोने यांतला फरक ही यंत्रे नीट सांगत नाहीत, त्यामुळे खिळे आणि काडतुसांचे तुकडे भरपूर खणावे लागतात. ती तयारी नसेल तर आहे तेच यंत्र ठेवा.

खरेदीपूर्वी एक परीक्षा जरूर घ्या. मातीच्या उभ्या कडेत बाजूने आडवे छिद्र पाडून त्यात शिशाचा छर्रा सरकवा, म्हणजे वरची माती हलत नाही, आणि दोन्ही यंत्रे वरून फिरवा. हवेत घेतलेली चाचणी तुमच्या जमिनीबद्दल काहीच सांगत नाही. कॉइल जमिनीला जवळजवळ घासत ठेवा, कारण पाच सेंटिमीटर वर उचललेली कॉइल तेवढीच खोली गमावते. मायनर्स राइट हा परवाना तुमच्याकडे असेलच असे धरतो.

प्रश्न : वीस मीटर खोलवरचे सोने दूरवरून दाखवणारे यंत्र एक गृहस्थ भाड्याने द्यायला तयार आहेत. आमच्या जुन्या वाड्याच्या जागेत वापरावे का?
— एक वाचक, वाशीम

उत्तर : वापरू नका. खोली वाढली की संकेत झपाट्याने क्षीण होतो, हा वर दिलेला नियम तुमच्या वाड्यालाही लागू आहे. पाठवणारी आणि घेणारी पेटी एकमेकींपासून सुमारे मीटरभर दूर ठेवलेली खरी यंत्रे मिळतात, पण ती हंड्याएवढी मोठी वस्तू दोन-तीन मीटरपर्यंत जेमतेम दाखवतात आणि ती सोन्याची की लोखंडाची हे सांगू शकत नाहीत. त्यात दख्खनच्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट असल्याने अडचण वाढते. फिरत्या दांड्याची ‘दूरदर्शी’ यंत्रे तर निव्वळ फसवणूक आहे. त्याच जातीचे एडीई 651 हे बनावट बॉम्बशोधक इराकला विकणाऱ्या ब्रिटिश विक्रेत्याला 2013 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्या गृहस्थांना दहा उलट्या बादल्यांपैकी एकीखाली त्यांच्या नकळत ठेवलेली अंगठी सलग काही वेळा शोधायला सांगा. आणि खरोखरच काही पुरलेले सापडले, तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे, जागा स्वतःची असली तरी.