घरातल्या घरात, चार-पाच मीटरांत चालण्याचा वेग कसा मोजायचा? फोनचं जीपीएस अ‍ॅप चालेल का?

अ‍ॅपचं आधी सांगून टाकतो: नाही चालणार. मोकळ्या आभाळाखालीसुद्धा फोनचं जीपीएस तीन-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं, आणि तुम्हाला मोजायचेत चार मीटर. छताखाली तर विचारूच नका. आमच्या दादाने हट्टाने लावून बघितलं, तर नकाशावर बाबा भिंतीतून शेजाऱ्यांच्या घरात शिरले होते.

झालं असं, की बाबांचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तीनेक महिन्यांनी त्यांना एकट्याने बाहेर पाठवायचं की नाही यावर घरात दोन तट पडले. दादा म्हणे जाऊ द्या, मी म्हणे थांबा. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तोड काढली: चार मीटर नेहमीच्या चालीने चालवा, सेकंद मोजा, सेकंदाला ०.८ मीटरच्या खाली असतील तर घाई करू नका.

संध्याकाळी मी पॅसेजमध्ये फरशीवर दोन चिकटपट्ट्या लावल्या. बाबा पहिल्या पट्टीला पाय लावून उभे. 'चला' म्हटलं की घड्याळ सुरू, एक पाऊल दुसऱ्या पट्टीच्या पूर्ण पलीकडे पडलं की बंद. साडेसहा सेकंद. म्हणजे ०.६२.

दादाला ते पटेना. त्याने बाबांना चार पावलं मागे नेलं, तिथून चालत आणलं, पट्टी ओलांडल्यावर घड्याळ दाबलं आणि स्वतः पलीकडच्या टोकाला उभा राहून "या बाबा, या, शाब्बास!" सुरू केलं. ५.२ सेकंद. ०.७७. "बघ, काठावर तर आलेत." थोरला लेक शाब्बासकी देतोय म्हटल्यावर बाबा कशाला हळू चालतील! भिंतीवरचा हात काढून, छाती पुढे करून आले. नंतर दहा मिनिटं धापा टाकत बसले होते, ते दादाने मोजलं नाही.

माणूस तोच, पॅसेज तोच, आणि आकड्यात ०.१५ चा फरक. या मोजणीत ०.१ चा फरकसुद्धा मोठा धरतात. २०११ साली नऊ अभ्यासांतल्या ३४,४८५ ज्येष्ठांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा वेग दर ०.१ ने जास्त असला की जगण्याची शक्यताही वाढलेली दिसली होती. एवढा नाजूक आकडा आरडाओरडा करून मोजायचा नसतो. चालणाऱ्याला 'नेहमीसारखं चाला' एवढंच सांगायचं, आपण अर्धं पाऊल मागे राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. पुढे चाललात तर तो तुमच्या चालीने चालतो. शेवटच्या पट्टीवर थांबायला सांगू नका, नाहीतर माणूस आधीपासूनच ब्रेक लावतो. दोन मीटर पुढे खुर्ची ठेवा आणि तिथपर्यंत जाऊ द्या. दोनदा चालवून कमी लागलेला वेळ धरा. घड्याळावरच्या अंगठ्याचा भरवसा नसेल तर शेवटच्या पट्टीच्या बरोबर रेषेत उभं राहून फोनवर व्हिडिओ घ्या आणि फ्रेम मोजा. सेकंदाला तीस फ्रेम असतात, तेवढी बारकाई पुरते. फोनचा उपयोग झालाच तर इथे.

आता खरं सांगायचं तर मागून चालत आणण्याची दादाची पद्धत चूक नाही. दहा मीटरच्या चाचणीत सुरुवातीचे आणि शेवटचे दोन-दोन मीटर सोडून मधल्या सहा मीटरांचाच वेळ धरण्याची रीत आहे, कारण उभ्याउभ्या निघाल्यावर वेग पकडण्यातच एखादा सेकंद जातो आणि चार मीटरांत तो सेकंद फार महाग पडतो. तुम्ही कोणतीही पद्धत घ्या, पण दर वेळी तीच ठेवा. एका पद्धतीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी लावू नका. बाईंनी आम्हाला उभ्याने सुरुवात सांगितली होती, एवढाच माझा मुद्दा होता आणि अजूनही आहे. ओरडणं मात्र कुठल्याच पद्धतीत बसत नाही.

आणि अंतर टेपनेच मोजा. मी त्या दिवशी फरश्या मोजल्या होत्या. फरशी दोन फुटी, सात धरल्या, झाले चार मीटर. काही महिन्यांनी कपाटासाठी टेप काढली तेव्हा सहज पॅसेजवर धरली, तर सात फरश्या म्हणजे ४.२७ मीटर. माझा ०.६२ चा ०.६६ झाला, त्याने काही बिघडलं नाही. पण दादाचे ५.२ सेकंद ४.२७ मीटरांना लावले तर ०.८२ येतात. त्याला हे अजून सांगितलेलं नाही. बाबा तोवर आपले आपण फिरायला जाऊ लागलेच होते.