सायलेन्सर बदलताय? वाचकांचे प्रश्न

मागचा सायलेन्सर काढून सरळ पाइप टाकला तर आवाज भारदस्त होईल का?

मोठा होईल, भारदस्त नाही. खर्जाबरोबर वरचा पत्रा फाटल्यासारखा सूरही मोकळा सुटतो आणि कानाला तोच खुपतो. त्यापेक्षा स्ट्रेट-थ्रू सायलेन्सर बसवा. यात भोकाभोकांची सरळ नळी असते आणि तिच्याभोवती काचतंतूंचं भरण. वरच्या पट्टीचा आवाज भरणात जिरतो, खर्ज बराचसा पुढे जातो. भरण हळूहळू जळून उडतं. आवाज फाटायला लागला की ते संपत आलं समजा.

नवा सायलेन्सर गावात मस्त वाटतो, पण हायवेवर ठरावीक वेगाला गाडीत घूं घूं होऊन डोकं उठतं. चार सिलिंडरची गाडी आहे.

हा ड्रोन, म्हणजे एकाच खालच्या सुराचं सततचं घुमणं. आवाजाच्या हौसेची खरी किंमत बहुतेकांना इथेच कळते! तुमच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. 3000 आरपीएमला (मिनिटाला 3000 फेरे) सेकंदाला 50 फेरे, म्हणजे 100 स्फोट, 100 हर्ट्झ. केबिन साधारण याच सुमाराला घुमते. दारांत आवाज दाबणारी शीट चिकटवून फरक पडत नाही, इतका खालचा सूर त्यातून आरपार जातो.

उपाय म्हणजे मुख्य पाइपला एक आडवी नळी वेल्ड करायची, दुसरं टोक बंद. नळीची लांबी त्या ध्वनिलहरीच्या पाव असली की आत गेलेली लहर उलटी होऊन परत येते आणि मूळ आवाजाला मारते. गरम वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला 500 मीटर धरला, तर 100 हर्ट्झसाठी 1.25 मीटर. बंद नळीतला वायू जरा गार असतो, म्हणून प्रत्यक्षात थोडी कमी लागते. वर्कशॉपला जाण्याआधी घूं घूं नेमकं कोणत्या आरपीएमला होतं ते टिपून ठेवा.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला तर?

काढू नका. धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा तोच. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन ऑक्साइड थेट बाहेर पडतील, चेक इंजिनचा दिवा लागेल आणि बहुतेक देशांत तो गुन्हाही आहे. हात घालायचा तो त्याच्या मागच्या भागात.

तीन सिलिंडरच्या टर्बो गाडीला सहा सिलिंडरचा आवाज येईल?

नाही. पाइप बदलून स्फोटांची संख्या बदलत नाही, आणि टर्बोचं, धुराच्या झोतावर फिरणारं टर्बाइन त्यांची धार आधीच खाऊन टाकतं.

थंड गाडी सुरू केली की टकटक येते, गरम झाल्यावर थांबते. सायलेन्सरच बदलू का?

आधी मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचा, इंजिनाशी असलेला जोड बघा. तिथल्या गॅस्केटच्या (फट बुजवणाऱ्या पट्टीच्या) कडेला काजळीची काळी रेघ दिसली तर तिथून गळती आहे. तापल्यावर धातू फुगतो आणि फट बुजते. गॅस्केट बदला, सायलेन्सरचं नंतर बघू.